मी खारवलेले किडे

मी आयुष्यात खूप काही खारवलं. बोंबील, वाकट्या, मांदेली, कैऱ्या, आवळे. माझं माहेर खाडीकडचं, मिठागरातलं, त्यामुळे मिठाचा हात मला लहानपणापासून बसलेला. माझं खारवलेलं कधी वाया गेलं नाही. एकदाच गेलं. ते मासे नव्हते, किडे होते, आणि त्या किड्यांवर एका मुलीचं काही वर्षांचं काम अडलं होतं. ते कसं झालं ते लिहिते. मी चौथी शिकलेली. झालं तेवढं लिहिता येतं, सजवता येत नाही.

बदलापूरच्या कडेला खरवईत आमचं घर आहे. नवरा अंबरनाथच्या फॅक्टरीत होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा, सून आणि मी राहतो. घरामागून डोंगराकडचा वहाळ वाहतो आणि खाली उल्हास नदीला मिळतो. पावसात त्याला आवाज असतो, दिवाळीनंतर तो गुडघाभर होतो आणि होळीच्या सुमारास सुकतो. त्याच्या कडेची शेती आम्ही विकली. तिथे आता टॉवर उभे राहतायत.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. मागच्या दाराने खरकटं टाकायला गेले तर वहाळात एक मुलगी वाकलेली दिसली. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाठीला पिशवी, शेजारच्या दगडावर पांढरा ट्रे. आमच्याकडे अनोळखी माणूस जमीन न्याहाळताना दिसलं की ते बिल्डरचंच असतं. मी वरूनच विचारलं, “काय मोजतेस गो?”

“मोजत नाही आजी, किडे बघते.”

“तुझ्या घरात किडे नायत?”

“आहेत. पण असले नाहीत.”

उत्तर बरं होतं म्हणून मी खाली उतरले. ती पाण्यातला दगड उचलायची, खालची बाजू ट्रेमध्ये ब्रशने हळू झाडायची आणि दगड बाजूला टाकून द्यायची. चार-पाच दगड तसेच उताणे पडले होते. मी तिला तिथेच झापलं. आम्ही लहानपणी वहाळात खेकडे धरायला जायचो तेव्हा आईचा एकच नियम होता, उचललेला दगड परत होता तसा निजवायचा. खालची बाजू खाली, वरची वर. दगडाखाली ज्यांचं घर असतं ते उन्हात मरतात आणि पुढच्या वेळी खेकडाही मिळत नाही. मी म्हटलं, किडे नेतेस ते ने, पण दगड निजव आधी.

मला वाटलं ती तोंड वाकडं करेल. तिने पाचही दगड परत निजवले आणि वही काढून काहीतरी लिहिलं. मी विचारलं काय लिहिलंस, तर म्हणाली, “दगड निजवायचा.” मग मी तिला घरी चहाला बोलावलं. आडनाव विचारलं, तिने सांगितलं. पूर्वीची मी असते तर त्या आडनावावर चहा अंगणातच दिला असता. आता घरात दिला. यात माझा मोठेपणा काही नाही, काळ बदलला आणि मी त्याच्या मागून आले, एवढंच.

ती उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधली. एका कॉलेजात तासावर शिकवत होती आणि पीएचडी करत होती. तिचा विषय म्हणजे पाण्यातले किडे, त्यातही एकच गट. ती त्यांना मेफ्लाय म्हणायची. मला ट्रेमध्ये दाखवले तेव्हा मी हसले. ती तर आमची पाण्याची ऊ. वहाळात पाय सोडून बसलं की दगडावरून सरकताना दिसते, तांदळाच्या दाण्याएवढी, चपटी. आमच्या घरात सगळे तिला तेच म्हणायचे. तिचं पुढे काय होतं हे आम्ही कधी विचारलं नाही. तिला पंख फुटतात आणि ती उडून जाते हे मला सत्तरी उलटल्यावर कळलं.

पंख आल्यावर एखादा दिवस जगते, म्हणून लोक म्हणतात हिचं आयुष्य एका दिवसाचं. मुलगी म्हणाली ते खरं नाही. पाण्यात ती कित्येक महिने असते, दगडावरचं शेवाळ खाते, पुन्हा पुन्हा कात टाकते. मला ते पटलं. लोकांना पंख दिसले की मगच ते मोजायला लागतात.

दर आठवड्याला ती यायला लागली. मी काठावर बसायचे, मग पाण्यात उतरायला लागले. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले, त्यामुळे मला लांबचं चांगलं दिसतं आणि जवळचं चष्म्याने. तिने मला मऊ चिमटा दिला. तांदूळ निवडण्यात हात मुरलेला, तिच्यापेक्षा मी लवकर निवडायचे. तीन शेपट्यांच्या उवा पुष्कळ होत्या. जिच्यावर ती टपलेली होती तिला दोनच शेपट्या. ती जोरात वाहणाऱ्या पाण्यातच असायची आणि दगड सोडता सोडायची नाही.

एकदा तिने मला आपल्या घरी नेलं. खोली एवढीशी. तिची आई जीन्सची शिलाई करते. मशीन बंद असली की तिच्या फळीवर हिची दुर्बीण. सूक्ष्मदर्शक म्हणायचं, ती म्हणाली. आई म्हणाली, एका फळीवर दोघींचं पोट आहे, म्हणून भांडण रोजचं. मुलीने काचेच्या वाटीत जिवंत ऊ ठेवून मला डोळा लावायला सांगितला. पहिल्यांदा माझीच पापणी दिसली. मग ती दिसली. डोळे डोक्याच्या वर, पायांवर तपकिरी ठिपके आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना सात-सात पानं, पिंपळाच्या पानांसारखी, एका लयीत हलत होती.

“हे काय?” मी विचारलं.

“गिल्स. श्वास घ्यायचे अवयव.”

“कल्ले म्हण की. मासा घेताना आधी तेच बघते मी.”

तेव्हापासून तीही कल्ले म्हणायला लागली. हिच्या कल्ल्यांची पहिली जोडी पोटाखाली एकमेकींवर येऊन चकतीसारखी बसत होती. ती चकती दगडाला धरून ठेवते, म्हणून पाणी हिला वाहून नेत नाही. अशी चकती आणि असे ठिपके एकत्र कुठेच लिहिलेले नव्हते. मुलगी म्हणत होती ही जात नवी आहे. म्हणजे ऊ नवी नाही, ती आमच्या आधीपासून वहाळात असेल. नोंद नवी. तिने चित्रं काढली, एकेक कल्ला आणि एकेक जबडा, लेख लिहिला आणि परदेशात छापायला पाठवला.

पौष संपत आला तेव्हा लेख परत आला. तपासणाऱ्यांनी लिहिलं होतं की तुमचे नमुने लहान वयाचे दिसतात. माहीत असलेल्या एखाद्या जातीची ही पोरंही असू शकतील. पूर्ण वाढलेले दाखवा, ज्यांच्या पाठीवरचे पंखांचे कोंब काळे झाले आहेत असे. कोंब काळे झाले की ऊ एक-दोन दिवसांत पाणी सोडते, म्हणून ती सापडणं कठीण. मुदत काही आठवड्यांची होती. इकडे वहाळ रोज बोटभर खाली जात होता, आणि पुढच्या वर्षी त्याच्यावर टॉवरवाल्यांचा रस्ता येणार होता. हा लेख छापला गेला तरच तिची पीएचडी पुढे सरकणार होती. हे सगळं तिने मला पायरीवर बसून सांगितलं, रडली वगैरे नाही. मी म्हटलं, काळ्या कोंबाची पाहिजे ना, मग बघू.

त्याच आठवड्यात कॉलेजात परीक्षा लागल्या आणि तिला रोज वर्गावर उभं राहायची ड्युटी आली. तिने माझ्याकडे नमुने बुडवून ठेवायला स्पिरिटची बाटली ठेवली आणि फोनवर सांगितलं, “आजी, काळ्या कोंबाचे दिसले तर काढून ठेवा. मी रविवारी येते. काहीही करा, पण खराब होऊ देऊ नका.”

सोमवारी काही नाही, मंगळवारी काही नाही. बुधवारी ऊन चढायच्या आधी एका दगडाच्या पोटाला मला त्या दिसल्या. दोन शेपट्या, आणि पाठीवर काजळाचे ठिपके दिल्यासारखे कोंब. त्या दिवशी बारा मिळाल्या. दगड निजवून मी बाटली उघडली तर बाटलीत नुसता वास. झाकण सैल राहिलं होतं आणि स्पिरिट उडून गेलं होतं. तिला फोन लावला तर बंद, परीक्षेच्या वर्गात फोन चालत नाही.

मी विचार केला, खराब होऊ द्यायच्या नाहीत. जीव मेला की खराब होतो, आणि खराब होऊ द्यायचा नसेल तर काय करायचं हे मला माहेरी शिकवलेलं आहे. स्टीलच्या डब्यात खडेमिठाचा थर दिला, त्यावर उवा पसरल्या, वर पुन्हा मीठ. गुरुवारी आणखी सात मिळाल्या, त्याही तशाच खारवल्या. पाणी सुटलं ते निथळलं आणि दोन दिवस गच्चीवर कडक ऊन दिलं. कावळा येऊ नये म्हणून वर साडीचा तुकडा बांधला. सून म्हणाली, आत्या, हे कोण खाणार? मी तिला म्हटलं, तू गप बस, हे शिक्षणाचं काम आहे. गुरुवारी संध्याकाळी मुलीचा फोन आला तेव्हा मी फक्त एवढं सांगितलं की एकोणीस आहेत आणि चांगल्या ठेवल्यात. फोनवर ती इतकी खूश झाली की बाटलीचं सांगायचं मला सुचलंच नाही. खरं तर मी सांगितलं नाही. आपण हुशारी केली हे समोरासमोर दाखवायचं होतं मला.

रविवारी मी डबा तिच्या पुढ्यात ठेवला. तिने झाकण काढलं. चिमट्याने एक उचलली. ती सुकून जिऱ्यासारखी झाली होती.

“आजी, हे काय केलंत?”

“खारवल्या. पुढच्या पावसापर्यंत टिकतील.”

ती खाली बसली. पिशवीतून भिंग काढून तिने एकेक पालथी करून पाहिली. मग मला जवळ बोलावून दाखवलं. पोटाखाली जिथे चकती असायची तिथे कोळशाच्या भुकटीसारखं काहीतरी चिकटलेलं होतं. सगळ्या कल्ल्यांचा चुरा झाला होता. मासा खारवताना आम्ही पहिलं काम काय करतो, तर कल्ले काढून टाकतो, कारण ते टिकत नाहीत. हे मला आठवायला हवं होतं. साठ वर्षं हाताने केलेली गोष्ट डोक्यात आली नाही. बाजारात कल्ले उघडून बघितल्याशिवाय मासा न घेणारी बाई मी, आणि मीच कल्ले घालवले.

माझ्या मुलाने दारातून ऐकलं. तो म्हणाला, “आई, तुला कोणी सांगितलं होतं मधे पडायला?” सूनही काही बोलली असती, पण तिला मीच आधी गप केलं होतं.  मुलीने डब्याचं झाकण नीट लावलं, डबा पिशवीत ठेवला आणि माझ्या मुलाला म्हणाली, “त्यांनी एकोणीस शोधल्या. मला इतक्या दिवसांत एक मिळाली नव्हती.”

मी माफी वगैरे मागितली नाही, ती मला जमत नाही. चप्पल घातली आणि म्हटलं, चल.

वहाळात ज्या दगडाखाली मिळाल्या होत्या तिथे पाणी थांबलं होतं. तीन-चार दिवसांत धार तुटून डबकी झाली होती. थांबलेल्या पाण्यात ही ऊ राहत नाही. काही दगडांवर पांढऱ्या काती चिकटलेल्या होत्या, म्हणजे उरलेल्या उडून गेल्या होत्या. आम्ही वर डोंगराच्या बाजूला बरंच चाललो. सगळीकडे तेच. मुलगी म्हणाली की जाऊ द्या, आता पुढच्या दिवाळीनंतर. पुढच्या दिवाळीला इथे काय असेल हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

मग तिने सहज विचारलं, उन्हाळ्यात तुम्ही पाणी कुठून आणायचात. मी म्हटलं विहिरीवरून. आणि बोलता बोलता मला आठवलं. आमच्याकडे लग्नं चैत्र-वैशाखात. लग्नाचे तांदूळ बायका वाजतगाजत वाहत्या पाण्यात धुवायला न्यायच्या. विहिरीच्या पाण्यात धुतलेले चालायचे नाहीत, पाणी वाहतंच पाहिजे. आता चैत्रात वहाळ कोरडा, मग वाहतं पाणी कुठलं? तर आमच्या विकलेल्या शेताच्या खालच्या बांधाला खडकातून एक झरा निघतो. हाताएवढी धार, पण वैशाखातही तुटत नाही. त्या जागेला आम्ही तांदूळधुणी म्हणतो. माझ्याही लग्नाचे सासरकडचे तांदूळ तिथेच धुतले होते. लग्नं हॉलमध्ये व्हायला लागली तेव्हापासून मी तिथे गेले नव्हते.

आता तिथे पत्रे ठोकलेले आणि वॉचमन बसलेला. तो म्हणाला, “अम्मा, अंदर जाना मना है।”

मी म्हटलं, “ही जमीन माझ्या सासऱ्याची होती.”

“अभी साहब की है।”

“साहेबाला सांग, म्हातारी किडे न्यायला आली. सोनं नाय नेत.”

त्याने मुलीकडे पाहिलं. तिने हिंदीत समजावलं की खरंच किडेच न्यायचेत. तो हसायला लागला. “कीड़ा? ले जाओ अम्मा। मच्छर भी ले जाओ, फ्री।” आणि त्याने पत्रा बाजूला सरकवला. आजही त्या माणसाचं मला बरं वाटतं. हसून का होईना, त्याने जाऊ दिलं.

झऱ्याभोवती सिमेंटच्या रिकाम्या गोण्या पडल्या होत्या. गोण्या बाजूला केल्या तर धार होती तशी, खडकावरून खाली पसरत जाणारी. दगड मोजून पंधरा-वीस. आम्ही एकेक उचलत गेलो, बघत गेलो, निजवत गेलो. तीन शेपट्यांच्या निघाल्या, त्या सोडल्या. दोन शेपट्यांच्या लहान निघाल्या. शेवटी खडकाला टेकून बसलेला एक दगड मुलीने उलटला आणि मला हाक मारली. त्याच्या पोटाला तीन होत्या. तिन्हींचे कोंब काळे.

 चिमटा जरा हलला तर कल्ला तुटतो, कल्ला तुटला तर सगळं गेलं. मी घालवलेल्या एकोणीस उवा तिने त्याच दिवशी पाहिल्या होत्या. तिने चिमटा माझ्यापुढे धरला.

“आजी, तुम्ही उचला.”

मी उचलल्या. एक, दोन, तीन. तिने धरलेल्या नव्या बाटलीत सोडल्या, त्यांचा एकही कल्ला तुटला नाही. मग तिने कागदाची चिठ्ठी माझ्याकडे दिली. बाटलीच्या आत चिठ्ठी टाकावी लागते, तीही पेन्सिलीने लिहिलेली, कारण शाई स्पिरिटात उतरते. तिचे हात ओले होते म्हणून मी लिहिलं. जागेचं नाव काय लिहू विचारलं तर म्हणाली, तुम्ही जे म्हणता ते. मी तांदूळधुणी लिहिलं, चौथीतल्या अक्षरात.

लेख पुन्हा गेला. उत्तर यायला पावसाळा उजाडला. एका सकाळी ती भिजत आली, आईलाही सोबत घेऊन. लेख मंजूर झाला होता. नाव त्या चकतीवरून ठेवलंय, लॅटिनमध्ये, ते मला उच्चारता येत नाही आणि मी प्रयत्नही केला नाही. तीनपैकी एक ऊ आता एका मोठ्या संग्रहालयात बाटलीत आहे. त्या जातीचं नाव त्या एकीवर उभं आहे, ती बाटलीत माझ्या चिठ्ठीसकट आहे.

तिने लेखाची पानं आणली होती. सगळं इंग्रजी. एका ओळीवर तिने बोट ठेवलं आणि मराठीत वाचून दाखवलं. ‘एकोणीस नमुने गोळा करणाऱ्याने खडेमिठात वाळवून ठेवले होते. कल्ले नष्ट झाले, जबडे आणि नखं पाण्यात भिजवून अभ्यासता आली.’ म्हणजे माझ्या त्या डब्यातलंही तिने सोडलं नव्हतं. जबड्याचं एक चित्र त्यातल्याच एकीचं होतं. मी विचारलं, हे कशाला लिहिलंस, जगभर माझं हसं.

“लिहावं लागतं, आजी. नमुना कसा ठेवला होता ते खरं सांगावं लागतं.”

मुलगा म्हणाला, आई, आता तू इंग्लिशमध्ये गाजलीस. सगळे हसले, मीही हसले.

पण तिने ती ओळ लिहिली हे मला बरं वाटलं, अजून बरं वाटतं. आमच्या घरात चूक झाली की दोनच गोष्टी होतात, कोणी ती झाकतं नाहीतर कोणी ती वर्षानुवर्षं ऐकवतं. माझ्या चुका मी झाकल्या आणि दुसऱ्यांच्या ऐकवल्या, हे मी नाकारत नाही. चूक जशी झाली तशी एका ओळीत मांडायची आणि पुढच्या ओळीत तिच्यातून काय उरलं ते मांडायचं, हे मी त्या पोरीकडे पाहिलं. या वयात नवीन पाहायला मिळालं.

वहाळावर आता पाइप टाकून भराव घातलाय. तांदूळधुणीचा झरा अजून आहे, वॉचमन बदलला, नवा आत सोडत नाही. ती ऊ तिथे आहे की नाही मला सांगता येणार नाही. नोंद व्हायच्या आधी ती संपली असती तर कुणाला कळलंही नसतं की काही संपलं. आता निदान विचारता तरी येईल. ते त्या पोरीने केलं, आणि त्यात मला हात लावू दिला, डबा उघडून पाहिल्यानंतरसुद्धा. याबद्दल मी तिचे आभार तोंडाने मानले नाहीत. इथे मानते.